देवघरावरून जाणारी वाट

सांगलीत कॉलेजच्या मुलींना खोली मिळत नव्हती. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. मुलगा खोली विचारायला गेला की मालक भाडं सांगायचा. मुलगी गेली की आधी बापाची चौकशी, मग गावाची, मग भेटायला कोण कोण येणार, आणि शेवटी "नको बाई, जबाबदारी नको." माझे वडील आणि मी कडेगावहून पहिल्या एस्टीनं येऊन दोन दिवस गावभागात आणि हळदपेठेच्या मागच्या बोळांत फिरलो. हळदीच्या धुरळ्यानं वडिलांचं धोतर पिवळं झालं, पण खोली काही मिळाली नाही. बावीस घरं झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी उसाच्या रसाच्या गाड्यावर बसून वडील म्हणाले, "आता एकच घर बघायचं. न्हाई जमलं तर घरला. मामाचा थोरला मिल्ट्रीत हाय, तो काय जन्मभर थांबणार न्हाई."

तेविसावं घर काकूंचं होतं.

काकू विधवा, पन्नाशीच्या. मूलबाळ नाही. खाली त्या राहायच्या आणि वरच्या माडीतली एक खोली भाड्यानं द्यायच्या, तीही फक्त मुलींना. दहा बाय आठची खोली, पत्रा असा खाली की उभं राहून केस विंचरायचे तर कोपर आपटायचं. त्यात चार मुली. माणशी वीस रुपये. आख्खं घर साठ-सत्तरला मिळायचं त्या वेळी, आणि ही बाई एका माडीचे ऐंशी घेत होती! वडिलांनी घासाघीस न करता दिले. दुसरं करणार काय?

चौघींत नावानं कुणी कुणाला हाक मारत नव्हतं, गावानंच मारायची. मी कडेगावची. एक मलकापूरची, अबोल, सदा शिवणटिपण करत बसलेली. चौथी नागपंचमीला गावी गेली ती आलीच नाही, लग्न ठरलं. तिची वळकटी न्यायला तिचा भाऊ आला आणि काकूंनी तिचे वीस रुपये आम्हा तिघींवर वाटून टाकले.

आणि तिसरी पाटणची. ही सगळी हकिकत तिचीच आहे.

काटकुळी होती. दोन वेण्या, आणि अक्षर असं की छापल्यासारखं. वडील फौजेतून हवालदार होऊन घरी बसलेले. त्यांनी तिला सांगितलं होतं, "बी.एस्सी. पास झालीस तर हायस्कुलात मास्तरीण हो, मी कुणाचं ऐकणार न्हाई. न्हाई झालीस तर उन्हाळ्यात उरकून टाकायचं." त्यांच्या सगळ्या भावकीत मॅट्रिकच्या पुढं गेलेली ती पहिली मुलगी. तिला दुसरं काही नको होतं. सिनेमा नको, भेळ नको, गणपतीच्या देवळापुढं संध्याकाळी फिरायला जाणं नको. फक्त त्या मार्चातली बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा द्यायची होती. मी तिला चिडवायची, "अगं, पास झाल्यावर तुझी हत्तीवरनं मिरवणूक काढणार काय पाटणात?" ती म्हणायची, "हत्ती कशाला? चालत जाईन की."

आता काकूंचा नियम सांगते. माडीवरून जिना उतरला की माजघर. माजघरात डाव्या हाताला देवघर. पुढं रस्त्यावर जायचं तर देवघरावरून, मागं अंगणात नळावर जायचं तरी देवघरावरूनच. दुसरी वाट नाही. त्यामुळं ज्या मुलीची पाळी आली तिनं काकूंना सांगायचं आणि मागच्या पडवीत जाऊन बसायचं. पडवीत जळणाची लाकडं, शेणी, एक घोंगडं, एक वेगळं ताट, एक वेगळा तांब्या. तीन दिवस तिथंच. चौथ्या दिवशी सकाळी डोक्यावरून न्हाऊन घरात यायचं. तोवर ना खोली, ना कॉलेज, ना पुस्तक. पुस्तकाला शिवायचं नाही, सरस्वती आहे ती.

आता आमच्याकडंही शिवताशिवत होती, नव्हती असं नाही. पण शेतकऱ्याच्या घरात किती पाळणार? देवाला हात लावायचा नाही, लोणच्याच्या बरणीला लावायचा नाही, झालं. उसात भांगलायला जाताना कोण विचारतंय तुला! माझी आई त्या चार दिवसांत इतर दिवसांपेक्षा जास्तच राबायची. इथं मात्र चौघी मुली आणि महिन्याचे दिवस तीस. पडवी फार दिवस कधी रिकामी राहायची नाही. जी खाली बसली असेल तिच्यासाठी आम्ही माडीच्या खिडकीतून मोठ्यानं रसायनशास्त्र वाचायचो आणि ती खालून शेणीवर बसून ओरडायची, "हळू वाच की गं, मेले, समीकरण परत सांग!" शेजारची माणसं हसायची. आम्हीही हसायचो. पहिले दोन महिने हसलो.

मग कॉलेजात सरांनी तिघींना उभं केलं. प्रॅक्टिकल बुडतात, टर्म भरणार नाही, फॉर्म अडेल. कारण काय? आता कारण काय सांगणार त्यांना, कपाळ! आम्ही तिघी माना खाली घालून उभ्या. पाटणच्या मुलीला तिथंच रडू फुटलं.

त्या दिवशी खोलीवर येता येता मी डोकं चालवलं. माझं डोकं अशा वेळी फार चालायचं, तेच नडलं. मी म्हटलं, "आपण सांगायचंच न्हाई."

"आनि देव?" पाटणची म्हणाली.

"देवाला काय पंचांग वाचता येत न्हाई व्हय? त्याला सगळं कळतंय. कळतंय तर प्रॅक्टिकल बुडतंय हेबी कळत असंल."

"पन काकूंना संशय येईल," मलकापूरची म्हणाली. क्वचित बोलायची, पण नेमकं बोलायची.

तेही खरं होतं. काकूंच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर त्या कुंकवाचे ठिपके द्यायच्या. माझा एक ठिपका, मलकापूरचीचे दोन, पाटणचीचे तीन. डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायच्या. एकदम सगळे ठिपके बंद झाले असते तर त्यांनी आम्हाला उभं-आडवं विचारलं असतं.

म्हणून मी बेत केला. खऱ्या दिवसांत गप्प राहायचं आणि खोट्या दिवसांत बसायचं. शनिवारी दुपारी कॉलेजातून आलं की "काकू, मी बसले." रविवार तिथंच. सोमवारी प्रॅक्टिकल नसायचं, तो एक दिवस बुडाला तर बुडाला. मंगळवारी पहाटे न्हायचं आणि कॉलेजला पळायचं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी, दुसऱ्या शनिवारी मलकापूरची, तिसऱ्या शनिवारी पाटणची. काकू ठिपके देत राहिल्या. आता तुम्ही म्हणाल, एवढ्या हुशार बाईला शनिवारचं गणित कसं कळलं नाही? काय सांगू, त्यांना ते फार सोयीचं होतं. एकदा म्हणाल्या, "बरं झालं बाई, तुमचं आता वळणावर आलं."

खऱ्या दिवसांत त्या देवघरावरून मात्र आम्ही चोरपावलांनी जायचो. मी सुद्धा, देवाला उलट बोलणारी, तिथून जाताना श्वास रोखून धरायची. कापडं धुवायची ती दुपारी काकू लवंडल्या की, आणि वाळत घालायची ती परकराच्या आत लपवून. कधी अर्धी ओलीच वापरायची. मांड्या सोलून निघायच्या. पाटणची तर प्रत्येक वेळी देवघरासमोर थांबून पुटपुटायची. मी तिला ओढायची, "चल गं, काय गाऱ्हाणं घालतीस रोज!" ती म्हणायची, "माफी मागतेय. तुझ्यापन वाटची." मला राग यायचा. माझ्या वाटची कशाला? मी काही पाप करत नव्हते.

असे सहा महिने निघाले. टर्म भरली. फॉर्म गेले. तिघींनी एकदम भरले म्हणून नंबरही पाठोपाठ आले.

संक्रांतीच्या सुमाराला पुस्तकाचं लचांड उभं राहिलं. रसायनशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयात एकच होतं आणि ते घरी द्यायचे नाहीत. आठवडाभर त्यावर मुलांची झुंबड. रविवारी सकाळी वाचनालय चार तास उघडं असायचं आणि तेव्हा गर्दी नसायची. त्यातला रिॲक्शनच्या वेगाचा मोठा चॅप्टर उतरवून घ्यायला हवा होता. अक्षर कुणाचं चांगलं? पाटणचीचं. भराभर कोण लिहितं? तीच. मी तिला म्हटलं, "तू रविवारी बसायचं बंद कर. आता एकबी रविवार बुडवून चालणार न्हाई. तू वही उतरव, तिघींना होईल. दोन महिन्यांचा प्रश्न हाय, काकूंच्या ध्यानात राहत न्हाई."

"राहिलं तर?"

"राहिलं तर मी हाय की!"

मी हाय की. हे मी म्हटलं, माझ्या तोंडानं. आजही कुणी मला "मी आहे की" म्हणालं तर अंगावर काटा येतो.

तिनं पौषातला शनिवार सोडला आणि माघातला सोडला. रविवारमागून रविवार वाचनालयात जाऊन बसली. शंभर पानी वही भरली, आकृत्यांसकट, लाल शाईनं रेघा मारून. त्या वहीवरून मी आणि मलकापूरचीनं अभ्यास केला. आम्ही शनिवारी पडवीत बसायचो आणि ती वरून आम्हाला तो चॅप्टर वाचून दाखवायची.

माघ संपता संपता आमचे खाण्याचे हाल झाले होते. गावाकडून आलेल्या भाकरी चार-चार दिवस पुरवायच्या, रॉकेल मिळत नव्हतं म्हणून स्टोव्ह एकवेळचाच. पाटणचीच्या भाकरी कराड बदलून यायच्या, त्यांना तर बुरशीच धरायची. ती बुरशी खरवडून खायची. एका सकाळी ती मोरीवर ओकली. परत दोन दिवसांनी ओकली. काकू तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी बघितलं.

मार्च लागला. परीक्षेला तीन आठवडे राहिले होते. मी सकाळी प्यायचं पाणी घ्यायला खाली गेले तर काकू तांदूळ निवडत बसलेल्या. म्हणाल्या, "बस जरा." मी बसले. त्यांनी सुपातून मान वर न करता विचारलं, "पाटणच्या मुलीचं काय आहे गं?"

"काय आहे म्हणजे?"

"पौष गेला, माघ गेला. ती बसली नाही."

समोर कॅलेंडर होतं, मागची पानं काढून ठेवलेलं. जानेवारीवर एक ठिपका, दोन ठिपके. पान उलटून बघितलं, फेब्रुवारीवरही तेच. तीन ठिपके कुठंच नव्हते.

"खरं सांग," काकू म्हणाल्या. "तू तिच्याजवळ झोपतेस. तुला माहीत असणार."

माहीत होतं! पंधरा दिवसांपूर्वीच तिची पाळी येऊन गेली होती. माझंच एक जुनं पातळ फाडून तिला मी कापड दिलं होतं. एवढंच सांगायचं होतं. 'काकू, तिला काही झालेलं नाही, आम्ही तुमच्याशी खोटं वागतोय.' दोन वाक्यं. पण ती दोन वाक्यं बोलले की पुढचं मला दिसत होतं. सहा महिने आम्ही तिघी विटाळशा त्यांच्या देवासमोरून ये-जा करत होतो. त्या आमच्या वळकट्या रस्त्यावर फेकणार. बावीस घरांनी नको म्हटलेलं. तीन आठवड्यांसाठी खोली कोण देणार? वडील येणार आणि घेऊन जाणार. मामाचा थोरला सुट्टीवर येणारच होता.

मी घाबरले की मला राग येतो, हा माझा जन्माचा दोष. मी उसळून म्हटलं, "मला काय विचारता? मी काय तिची दाई आहे?"

शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं काय बोलले ते. काकूंचे हात सुपात थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग परत खडे वेचायला लागल्या. "बरं. जा," म्हणाल्या.

मी तांब्या घेऊन वर आले. पाटणची खिडकीत बसून वही पाठ करत होती. मी तिला काही सांगितलं नाही. म्हटलं, उगाच अभ्यासातलं मन उडेल. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिला सांगितलं असतं तर ती उठून खाली गेली असती आणि सगळं कबूल करून मोकळी झाली असती. मला ते नको होतं.

परीक्षेला आठ दिवस उरले. हॉलतिकिटं आली होती. सकाळी नऊच्या सुमाराला खाली पुरुषी आवाज आला. पाटणचीचे वडील आणि चुलते. ती आनंदानं जिना उतरत गेली, "तात्या, तुमी कसं काय?" म्हणत. मागोमाग मी.

वडील दारातच उभे होते. फौजेतली माणसं उभी राहतात तसे ताठ, पण चेहरा राखेसारखा. चुलता ओसरीवर पाठ करून उभा. वडील तिच्याकडं न बघता म्हणाले, "ट्रंक भर."

"का? तात्या, आठ दिसांवर परीक्षा हाय."

"ट्रंक भर म्हनलं न्हवं?"

मग काकूंना म्हणाले, "बाई, कारड कशाला, तुमी पाकीट तरी टाकायचं हुतं."

काकू गोंधळल्या. "मी दोनच ओळी लिहिल्या. 'मुलीला दोन महिने अडचण आलेली नाही, समक्ष येऊन घेऊन जावे.' आईला कळावं म्हणून लिहिलं. माझ्याही घराचा प्रश्न आहे हो. उद्या काही झालं तर लोक मला धरतील."

ते ऐकलं आणि पाटणची माझ्याकडं वळली. तिला तेव्हा कळलं सगळं. आणि देवाची करणी बघा, त्या दिवशी तिचा दुसरा दिवस होता. त्या क्षणाला, त्या माजघरात, देवघरासमोर ती खरोखरीची बाहेरची होऊन उभी होती. नुसतं एवढं म्हणाली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण बापासमोर, चुलत्यासमोर कुठल्या तोंडानं म्हणणार? आमच्यात आईलासुद्धा ते डोळ्यांनी सांगायचं असतं. आणि ते सांगायचं तर आम्हा दोघींचंही बिंग फुटणार. ती माझ्याकडं बघत राहिली. मागत नव्हती काही. मी बोलते का, एवढंच बघत होती.

काकू स्वयंपाकघरात गेल्या. मी त्यांच्या मागं गेले. खरंच सांगायला गेले. बाईबाईत सांगता आलं असतं, कानात सांगता आलं असतं. काकूंनी विचारलं, "काय गं?"

मी म्हटलं, "पाणी हवं होतं."

दातखिळी बसली की काय झालं देव जाणे. तोंडाळ म्हणून गावभर माझी ख्याती, आणि त्या दिवशी पाणी मागितलं! काकूंनी तांब्या भरून दिला. मी तो प्यालेही.

पाटणचीनं पाच मिनिटांत ट्रंक भरली. मलकापूरची जिन्यात उभी राहून रडत होती. जाताना पाटणची देवघरासमोर थांबली, नेहमीसारखी पुटपुटली, आणि बापाच्या मागून निघून गेली.

ती गेल्यावर मी वर आले. तिच्या जागी चटईवर हॉलतिकीट पडलं होतं. ते बघितलं मात्र, मला राहवलं नाही. ते उचललं आणि पळत सुटले. चपलाही घातल्या नाहीत. हळदपेठेतून, बैलगाड्यांच्या मधून, स्टँडपर्यंत. कराडची गाडी लागलेली. ती खिडकीशी बसली होती, चुलता तिच्या शेजारी. वडील खाली उभे राहून विडी ओढत होते.

मी धापा टाकत त्यांच्यापुढं गेले. लाज, अब्रू, सगळं गुंडाळून ठेवलं आणि म्हटलं, "आवं तात्या, तिला काय झालेलं न्हाई. आजबी तिचा दुसरा दिस हाय. आमी काकूशी खोटं बोलत हुतो. ती माजी कल्पना हुती, तिची न्हाई." परक्या पुरुषाला मी हे सांगत होते. माझे कान पेटले होते.

त्यांनी विडी टाकली. पायानं विझवली. आवाज एकदम मऊ झाला त्यांचा. "मला ठावं हाय, पोरी. माजी लेक मला ठावं न्हाई व्हय?"

"मग ठेवा की तिला! आठच दिस हायत!"

"घरात कुनाला वाचता येत न्हाई. मी रानात गेल्तो. पोस्टमननं ते कारड पारावर वाचून दावलं, मानसं बसली हुती तितं. आता तू खरं सांगितलंस. आता मी घरोघर जाऊन हे सांगू का, माज्या लेकीचा आज दुसरा दिस हाय म्हनून?"

मी हॉलतिकीट पुढं केलं. त्यांनी ते घेतलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. खिडकीतून पाटणचीनं हात बाहेर काढला. मला वाटलं, काही बोलेल, शिव्या देईल. तिनं वही दिली. "तो चॅप्टर नीट कर," म्हणाली. "मागच्या दोन्ही वर्षी आला न्हाई. यंदा येनार." गाडी सुटली.

घरी आले ती सरळ काकूंपुढं जाऊन उभी राहिले. आता कसली भीती? सगळं सांगितलं. शनिवार, सोमवार, पातळाचं फडकं, वाचनालय, सगळं. म्हटलं, आता वळकट्या फेकायच्या तर फेका.

काकू मटकन खाली बसल्या. मग उठल्या, देव उचलून तांब्याच्या घंगाळात पाण्यात घातले, घरभर गोमूत्र शिंपडलं. मी तिथंच उभी. शेवटी हात पुसत माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, "मेले, मी तुला विचारलं तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आम्हाला हाकललं असतं."

"परीक्षेच्या तोंडावर?" काकू म्हणाल्या. "पोरींना? शिव्या दिल्या असत्या, चार दिवस उपास केला असता. हाकललं कशाला असतं?" आणि त्या रडायला लागल्या. "माझ्या हातून ते कार्ड लिहून घेतलंस गं तू."

मी खोली वाचवायला तोंड मिटलं होतं आणि खोली जाणारच नव्हती.

त्याच दुपारी काकूंनी पाटणला दुसरं पत्र लिहिलं. आपलीच चूक झाली, मुलगी निर्मळ आहे, परीक्षेला पाठवून द्यावी, मी पदराखाली सांभाळते. या वेळी पाकीट घातलं. पण कार्ड गावानं ऐकलं होतं, आणि पाकीट कुणी पारावर वाचत नाही. उत्तर आलं नाही.

परीक्षेला माझ्या पुढच्या बाकावर तिचा नंबर खडूनं लिहिला होता. पहिल्या दिवशी पर्यवेक्षकांनी विचारलं, "ही मुलगी कुठं आहे?" मी म्हटलं, "येईल." दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. सगळे पेपर तो बाक तसाच रिकामा होता. मी पास झाले. चांगली पास झाले. पुढं नोकरी लागली. मामाच्या थोरल्याला दुसरी मुलगी बघावी लागली.

पाच वर्षांनी कराडच्या स्टँडवर मी विट्याच्या गाडीची वाट बघत उभी होते. शाळेतल्या वह्यांचा गठ्ठा हातात. पलीकडून एक बाई आली, डोक्यावर पदर, कडेवर एक आणि बोटाला एक. मी ओळखलं नाही. तिनं ओळखलं. "कडेगावची न्हवं तू?"

पाच वर्षं मी मनात जे घोकून ठेवलं होतं, पाया पडेन, माफी मागेन, ते सगळं विसरले. तिनं मला तेवढा वेळही दिला नाही. कडेवरचं मूल सावरत, अगदी घाईनं, पहिला प्रश्न तिनं विचारला, "आला हुता का गं तो चॅप्टर?"

खोटं बोलावं असं वाटलं. नाही आला म्हटलं तर तिला बरं वाटेल. पण तिच्या बाबतीत मी पुरेसं खोटं बोलले होते.

"आला हुता," मी म्हटलं. "पयलाच प्रश्न. सोळा मार्काला. तुज्या वहीतलं जसंच्या तसं."

ती हसली. वाचनालयातून वही घेऊन यायची तेव्हा हसायची तशीच हसली. "मला वाटलंच हुतं," म्हणाली. मग पाटणची गाडी लागली आणि बोटाला धरलेल्या मुलीला पुढं ढकलत ती दाराकडं धावली.